केकच्या पोटात भाजी: घरच्या बेकिंगमध्ये भाज्या मुरवण्याची रीत

भाजी घातलेला केक बिघडतो तो बहुतेक वेळा चवीमुळे नाही, पाण्यामुळे. गाजरात साधारण ८८ टक्के पाणी असतं, बिटातही जवळपास तेवढंच. पालक आणि लाल भोपळा नव्वदीच्या पुढे जातात आणि झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भाजी) तर ९५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे २०० ग्रॅम झुकिनी किसून मिश्रणात घातली की पाऊण कपाहून थोडं जास्तच पाणी आपण त्यात घातलेलं असतं, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. ओव्हनमध्ये ते सुटतं. मग केक वरून छान रंगतो, पण मधोमध बसतो आणि तळाशी लगद्यासारखा चिकट थर राहतो. मुलं तो केक बाजूला सारतात, आणि भाजीमुळे सारला असा आपला समज होतो. खरं तर तो कच्चट लागतो म्हणून सारलेला असतो.

त्यामुळे या लेखात पाककृती आहेतच, पण त्याआधी भाजी निवडायची कशी आणि तिचं पाणी सांभाळायचं कसं यावर जास्त भर दिला आहे. हे एकदा हाताखालून गेलं की नेहमीच्या कुठल्याही केकमध्ये भाजी बसवता येते.

आधी अपेक्षा नीट ठरवू या

बारा मफिनमध्ये २०० ग्रॅम गाजर गेलं तर एका मफिनच्या वाट्याला सुमारे १७ ग्रॅम येतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या सुचवते. तेव्हा मफिन खाऊन ताटातल्या भाजीची भरपाई होणार नाही. केक हा केकच राहतो, त्यात साखर आणि मैदा असतोच.

तरीही हा उद्योग करण्यासारखा आहे असं मला मनापासून वाटतं. भाजीच्या ओलाव्यामुळे तेल-लोणी कमी लागतं, गाजर-रताळ्याच्या गोडव्यामुळे साखर कमी करता येते आणि केक दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो. शिवाय अशी भाजी लपवून दिल्यामुळे मुलं समोरची भाजी खाणं सोडतात ही भीती निराधार दिसते. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी बालवाडीच्या वयाच्या मुलांना रोजच्या पदार्थांत भाज्यांचा गर मिसळून दिला. मुलांच्या पोटात जाणारी एकूण भाजी वाढली, पदार्थ त्यांना तितकेच आवडले आणि शेजारी वाढलेली दिसणारी भाजीही त्यांनी पूर्वीइतकीच खाल्ली.

कोणती भाजी कशात

सुरुवात गाजरापासून करा. गोड असतं, पाणी धरून ठेवतं, किसून थेट घालता येतं. त्यातलं बीटा कॅरोटीन (शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं तो घटक) उष्णतेला बऱ्यापैकी टिकतं आणि सोबत तेल किंवा लोणी असलं की शरीरात जास्त चांगलं शोषलं जातं, म्हणजे केक ही त्याच्यासाठी सोयीचीच जागा. रताळं आणि लाल भोपळा हेही तसेच बिनधोक. त्यांचा केशरी रंग दालचिनी आणि ब्राऊन शुगरसोबत असा मिसळून जातो की केक केवळ खमंग भाजल्यासारखा दिसतो. रताळं उकडण्यापेक्षा सालासकट हळूहळू भाजलं तर जास्त गोड होतं, कारण गरम होता होता त्यातल्या स्टार्चची माल्टोज नावाची साखर बनते आणि मंद आचेवर या क्रियेला वेळ मिळतो.

झुकिनीला स्वतःची चव जवळजवळ नसते. लपायला तिच्यासारखी भाजी नाही. दुधीही तसाच वागतो. मात्र दोन्हींच्या बाबतीत एक गोष्ट कधीही चुकवू नका: किसण्याआधी एक लहानसा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा आणि कडू लागला तर थुंकून टाका, भाजी फेकून द्या. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी घटकांचा असतो. शिजवून ते जात नाहीत आणि साखर-कोकोखाली ती कडू चव झाकली गेली तर धोका आणखी वाढतो.

बीट आणि पालक या दोघांचं मात्र जरा समजून घ्यायला हवं, कारण दोघांचे स्वभाव एकमेकांच्या उलट आहेत. बिटाचा लाल रंग बीटालेन या रंगद्रव्यांमुळे असतो. हा रंग आंबट मिश्रणात टिकतो, खाण्याच्या सोड्यात आणि उष्णतेत तपकिरी-पिवळट होतो. पालकाचं हरितद्रव्य आंबटाशी गाठ पडली आणि वर उष्णता मिळाली की मळकट शेवाळी होतं, सोड्याच्या सान्निध्यात हिरवं राहतं. म्हणून गुलाबी केक हवा असेल तर दही-लिंबू घाला आणि सोडा टाळा. हिरवे मफिन हवे असतील तर दही-लिंबू टाळा आणि थोडा सोडा घाला. चॉकलेटमध्ये बीट घालताना ही चिंताच उरत नाही, कोको सगळा रंग पोटात घेतो.

बिटाचा मातकट वास ही वेगळी अडचण. तो जिओस्मिन नावाच्या घटकाचा असतो आणि आम्लामुळे कमी होतो. शिजवलेल्या बिटाच्या गरात चहाचा एक चमचा लिंबाचा रस घालून दहा मिनिटं ठेवलं तर वासात फरक जाणवतो. आणि हो, बीट खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी काहींची लघवी किंवा शी लालसर होते. ते निरुपद्रवी आहे, पण घरातल्यांना आधी ठाऊक असलेलं बरं.

फ्लॉवर गोड केकमध्ये घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. चीज असलेल्या खाऱ्या मफिनमध्ये तो सुरेख जातो. ब्रोकोलीला लपवायच्या फंदात पडू नये, तिचा वास सगळ्याला पुरून उरतो.

भाजीची तयारी

गाजर किसणीच्या बारीक बाजूने किसा. जाड कीस भाजल्यावरही धाग्यांसारखा दिसतो आणि चिकित्सक मुलं तो बोटांनी वेचून काढतात. गाजर पिळायची गरज नाही.

झुकिनी पिळायलाच हवी. हिरवं साल काढा, नाहीतर ठिपके दिसतात. बारीक किसा, पाव चमचा मीठ चोळा, दहा मिनिटं चाळणीत ठेवा आणि मग स्वच्छ सुती कापडात बांधून पिळा. पहिल्या पिळ्याला पाण्याची धार लागते, मग थेंब पडतात. थेंब थांबले की कापड उलगडून कीस मोकळा करा, बाजू बदला आणि पुन्हा पिळा. दुसऱ्या वेळी निघणारं पाणीच केक वाचवतं. ३०० ग्रॅम किसाचं वजन २०० च्या आसपास आलं की काम झालं. पाककृतीतलं मीठ तेवढं कमी करा.

लाल भोपळा उकडू नका, भाजा. मोठ्या फोडी, वर तेलाचा हात, २०० अंश सेल्सिअसला ४० ते ४५ मिनिटं. गर मिक्सरमधून काढून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवा. सुरुवातीला तो फुदफुदतो, हळूहळू जड होतो. उलथनं तळावरून ओढल्यावर मागे पडलेली वाट लगेच भरून येईनाशी झाली की उतरवा. असा आटवलेला गर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला तर दोन-तीन महिने टिकतो आणि एका ठोकळ्याचं वजन एकदा करून ठेवलं की पुढे मोजायची कटकट राहत नाही.

बीट सालासकट, शेंडा-बुडखा फार न कापता शिजवा, म्हणजे रस बाहेर जात नाही. सुरी आरपार गेली पाहिजे. अर्धवट शिजलेलं बीट मिक्सरमध्ये कणीदार राहतं आणि ब्राऊनीत कण दाताखाली येतात. पालकाची कोवळी पानं देठं काढून, धुऊन, पूर्ण कोरडी करून कच्चीच वापरा.

नेहमीच्या केकमध्ये भाजी बसवताना

तुमच्याकडे जमलेली एखादी पाककृती असेल तर तिच्यातच फेरफार करणं सर्वांत शहाणपणाचं. मोजमाप वजनात धरा. किसलेली भाजी पिठाच्या वजनाच्या चार पंचमांशापर्यंत चालते, त्यापुढे केक गच्च होतो. गर घालायचा असेल तर तेल किंवा लोण्यातलं निम्मं काढून त्या जागी तेवढ्याच वजनाचा गर घाला. सगळी चरबी काढली की केक रबरासारखा लागतो, म्हणून निम्म्यावर थांबाच. त्यानंतरही आणखी गर घालावासा वाटला तर दूध किंवा दही तेवढ्या प्रमाणात कमी करा. गाजर, रताळं, भोपळा असेल तर साखर पाचव्या हिश्श्याने कमी करता येते. त्याहून जास्त नको, कारण साखर गोडीसोबत केकला मऊपणा आणि रंगही देते.

मिश्रण ढवळताना मात्र हात आवरा. पिठाला पाणी आणि घोटणं दोन्ही मिळालं की ग्लुटेन, म्हणजे केक चिवट करणारं प्रथिनांचं जाळं, तयार होतं, आणि भाजीमुळे पाणी तर भरपूर असतंच.

गाजराचे मफिन (१२ नग)

इथे चहाचा चमचा म्हणजे ५ मिली. साहित्य: मैदा १५० ग्रॅम, गव्हाचं पीठ १०० ग्रॅम, बेकिंग पावडर २ चमचे, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, मीठ अर्धा चमचा, दालचिनी पावडर १ चमचा, साखर १५० ग्रॅम, अंडी २, बिनवासाचं तेल १२० मिली, दही १०० ग्रॅम, व्हॅनिला १ चमचा, बारीक किसलेलं गाजर २०० ग्रॅम.

१. ओव्हन १८० अंशांवर तापत ठेवा. मफिनच्या साच्यात कागदी वाट्या लावा. अंडी आणि दही फ्रीजमधून आधीच बाहेर काढलेलं असावं.

२. दोन्ही पिठं, बेकिंग पावडर, सोडा, मीठ, दालचिनी एकत्र दोनदा चाळा. चाळणीत उरलेला कोंडा परत घाला.

३. दुसऱ्या भांड्यात अंडी आणि साखर दोन मिनिटं फेटा. मिश्रण फिकट आणि किंचित फेसाळ झालं की तेल बारीक धारेने घाला, मग दही आणि व्हॅनिला.

४. गाजराचा कीस या ओल्या मिश्रणात कालवा. कोरड्या पिठात थेट टाकला तर त्याचे पुंजके होतात आणि तेच नेमके नजरेत भरतात.

५. कोरडं मिश्रण दोन भागांत घाला. स्पॅच्युला तळातून वर आणत हलक्या हाताने मिसळा. पिठाच्या शेवटच्या रेषा दिसेनाशा झाल्या की थांबा. मिश्रण थोडं ओबडधोबड दिसेल, तसंच हवं.

६. लगेच वाट्या पाऊण भरा. सोडा दह्याला भेटल्याबरोबर कामाला लागतो, मिश्रण ताटकळत ठेवलं तर फुगवटा जातो.

७. २० ते २२ मिनिटं भाजा. पहिली १५ मिनिटं दार उघडू नका. मधोमध काडी घालून बघा. कोरडे चुरे चिकटले तर चालतील, ओलं पीठ नको. भाजीच्या केकमध्ये काडी कधीकधी किसाला लागून ओली येते, म्हणून शेजारी आणखी एकदा टोचून खात्री करा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधलं तापमान ९६-९८ अंश आलं की झालं.

८. पाच मिनिटांनी साच्यातून काढून जाळीवर ठेवा. साच्यातच राहिले तर वाफेने खाली ओल धरतात.

अंडं नको असेल तर प्रत्येक अंड्यामागे १ मोठा चमचा जवसाची पूड ३ मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून घाला. मफिन थोडे कमी फुगतात, चव बिघडत नाही.

बीट घातलेली चॉकलेट ब्राऊनी

लपवण्याच्या दृष्टीने ही सर्वांत भरवशाची. २० सेंटिमीटरच्या चौकोनी साच्याला बटर पेपर लावा, ओव्हन १७५ अंशांवर. १५० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि १०० ग्रॅम लोणी गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवून कोमट होऊ द्या. ३ अंडी आणि १७० ग्रॅम साखर चांगली पाच मिनिटं फेटा, इथे फेटण्यात कसूर नको, कारण या ब्राऊनीत बेकिंग पावडर नाही. चॉकलेटमध्ये शिजवलेल्या बिटाचा गुळगुळीत गर २०० ग्रॅम घाला. गर खोलीच्या तापमानाचा असावा, थंडगार गराने चॉकलेट एकदम घट्ट होतं. हे मिश्रण अंड्यात अलगद मिसळा, वर ९० ग्रॅम मैदा, ३० ग्रॅम कोको आणि चिमूटभर मीठ चाळून घाला. २८ ते ३२ मिनिटं. कडा पक्क्या आणि मध्यभाग किंचित थरथरणारा दिसला की बाहेर काढा. गरम असताना कापायचा मोह टाळा, पूर्ण गार झाल्यावर दोन तास फ्रीजमध्ये ठेवून कापा. चॉकलेट पुन्हा घट्ट झालं की बीट चवीतून मागे सरकतं आणि काप स्वच्छ येतात.

पालक-केळ्याचे हिरवे मफिन

इथे रंग लपवायचा नाही, मिरवायचा. पालकाची १०० ग्रॅम पानं, २ पिकलेली केळी, १ अंडं, ८० मिली तेल, ४० मिली दूध आणि १०० ग्रॅम साखर मिक्सरमध्ये एकदम गुळगुळीत होईपर्यंत फिरवा. पानाचा एक कणही दिसता कामा नये. २४० ग्रॅम मैदा, २ चमचे बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ चाळून त्यात मिसळा. १८० अंशांवर १८ ते २० मिनिटं. दह्या-लिंबाला इथे मज्जाव. केळ्याचा सुवास पालकाला पुरता झाकतो आणि लहान मुलांना हा रंग गमतीचा वाटतो.

खाऱ्यात हाच साचा वापरून फ्लॉवरचे मफिन होतात: २२० ग्रॅम मैदा, अडीच चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, २ अंडी, ८० मिली दूध, ६० ग्रॅम वितळवलेलं लोणी, १०० ग्रॅम किसलेलं चीज आणि १५० ग्रॅम फ्लॉवर. फ्लॉवर पाच-सहा मिनिटंच वाफवा, जास्त शिजला की त्यातली गंधकयुक्त संयुगं उग्र वास सोडतात. ताटलीत पसरून वाफ जाऊ द्या, मग चुरा करा. १९० अंशांवर २० मिनिटं.

सांगायचं की नाही

ॲलर्जी असू शकते अशा कोणाला, म्हणजे पाहुणे, मुलांचे मित्र, यांना खाण्याआधीच सांगा. यात दुमत नको. घरच्या मुलांना मी खाऊन झाल्यावर सांगावं या मताची आहे, तेही सहज, "यात बीट होतं बरं का" इतक्याच सुरात. "बघ, खाल्लंस ना शेवटी!" असं म्हटलं की मूल हरल्यासारखं होतं आणि पुढच्या वेळी प्रत्येक घास उलटसुलट करून बघतं. चार-पाच वर्षांच्या पुढची मुलं असतील तर झुकिनी पिळायचं काम त्यांच्याकडे द्या. पाणी निघताना बघायला त्यांना फार आवडतं, आणि स्वतः पिळलेली भाजी ज्यात गेली तो केक ती नाकारत नाहीत.

बिघडलं तर

केक मधे बसला तर एक तर पाणी जास्त होतं किंवा ओव्हनचं दार लवकर उघडलं. तळाशी चिकट थर आला तर गर पुरेसा आटला नव्हता. वरून काळसर आणि आतून कच्चा असेल तर तापमान १० ते १५ अंशांनी उतरवा आणि वेळ वाढवा, भाजीचा केक साध्या केकपेक्षा बहुधा पाच ते दहा मिनिटं जास्त घेतो. मोठे बोगदे पडले आणि पोत चिवट झाला तर मिश्रण जास्त ढवळलं गेलं. पहिल्यांदा करताना मोठ्या केकऐवजी मफिनच करावेत, आकार लहान असल्याने मध्यभागी कच्चं राहायचा धोका खूप कमी होतो.

साठवण

ओलावा जास्त म्हणून बुरशीही लवकर. बाहेर एक-दोन दिवस, उष्ण हवेत एकच. फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात चार दिवस, डब्याच्या तळाशी कोरडा कागदी रुमाल ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बदला. मफिन पूर्ण गार झाल्यावर एकेक गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवले तर दोन महिने चांगले राहतात. खाताना गोठलेलेच १५० अंशांच्या ओव्हनमध्ये १० ते १२ मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये लवकर होतात खरे, पण वरची खरपूस कड मऊ पडते. ब्राऊनीला मात्र गरम करू नका, फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवली की पुरे.